सगळी गाडी एकदम उघडू नका: जुनी एमजीबी घरच्या गॅरेजात नव्याने बांधताना

इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला बसलात की एक मजकूर हटकून सापडतो : 'एमजीबी रोडस्टर, काम अर्धवट, सर्व भाग खोक्यांत, वेळेअभावी विकणे.' एमजीबी म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स गाडी, आणि रोडस्टर हा तिचा पक्कं छप्पर नसलेला प्रकार. अशी जाहिरात वाचली की मला मनापासून वाईट वाटतं. कुणीतरी एका शनिवारी उत्साहाने इंजिन उतरवलेलं असतं, पुढच्या शनिवारी डॅशबोर्ड, त्याच्या पुढच्या शनिवारी दारं. सहा महिन्यांनी कुठला नट कुठला हेच आठवत नाही. गॅरेजात जायचा धीर होत नाही आणि गाडी विकायला निघते.

म्हणून सगळ्यात आधी एक नियम सांगतो, बाकीचा लेख त्याच्याच आधाराने वाचा. एका वेळी एकच भाग उघडायचा. तो पुरा करून जागेवर बसवायचा, गाडी पुन्हा स्वतःच्या चाकांवर आणायची, आणि मगच दुसऱ्या भागाला हात लावायचा. माझी १९७० ची रोडस्टर मी एका गाडीपुरत्या गॅरेजात, नोकरी सांभाळून, अशीच उभी केली. तिला चार वर्षं लागली, पण त्यांतले बहुतेक उन्हाळे ती रस्त्यावर होती.

एमजीबीच का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार असतं. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या बनल्या, पक्क्या छपराची जीटी धरून पाच लाखांच्या वर. त्यामुळे रबरी बुशापासून काचेपर्यंत जवळजवळ सगळं नवं मिळतं. मूळ साच्यांवर काढलेली अख्खी बॉडीसुद्धा १९८८ पासून मिळू लागली. ट्रायम्फ किंवा ऑस्टिन-हीली या दुसऱ्या ब्रिटिश गाड्यांवरही माझं प्रेम आहे, पण पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने एमजीबी घ्यावी.

आपल्या लोकांना ती जवळची वाटावी असं आणखी एक कारण आहे. एमजीबीचं १,७९८ सीसी इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं, आणि आपल्या ॲम्बॅसडरमधलं १,४८९ सीसी पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. पुण्या-मुंबईत ज्या मिस्त्रीने आयुष्यभर ॲम्बॅसडर उघडल्या, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडून दाखवा. टॅपेट कव्हर पाहताच तो ओळख सांगेल.

घेण्याआधी : खिशात लोहचुंबक हवा

इंजिन दमलेलं असलं तर ते बांधता येतं. सडलेला पत्रा मात्र पैसा आणि वर्षं दोन्ही खातो. म्हणून इंजिनचा आवाज ऐकायच्या आधी गुडघ्यावर बसा आणि दाराखालची सिल बघा. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. छप्पर नसलेल्या रोडस्टरची बरीचशी ताकद या दोन सिलमध्येच असते.

बारीक चुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलवरून, मागच्या चाकाच्या कमानीवरून आणि पुढच्या मडगार्डच्या दाराकडच्या खालच्या भागावरून फिरवा. जिथे तो सुटतो तिथे खाली लांबी (पुटी) भरलेली आहे. मग मालकाला विचारून गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. दार घासलं किंवा अडकलं, तर सिलमध्ये दम उरलेला नाही. कागदोपत्री गाडी कितीही 'नुकतीच रिस्टोअर केलेली' असो, ही परीक्षा घ्याच. माझ्या गाडीची बाहेरची सिल नवी, चकचकीत होती. ती कापल्यावर आत जुनी सडकी सिल तशीच सापडली, वरून फक्त नवा पत्रा शिवलेला.

आऱ्यांची चाकं असतील तर एक मिनिट जास्त द्या. चाक वर उचला, दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक फिरण्याच्या दिशेने पुढे-मागे हलवा. खटखट हलत असेल तर हबवरचे दाते झिजलेत; हब आणि चाक दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करा.

जागा आणि हत्यारं

पाने घेताना चूक होते ती इथे. या गाडीचे नट-बोल्ट इंचाचे आहेत, बहुतेक यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे. मिलीमीटरचा १३ चा पाना अर्धा इंचाच्या नटावर 'बसतो', आणि बसता बसता नटाची कडा गोल करतो. एएफ मापाचा (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर इंचात) संच घ्या : ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ या चार पान्यांनी निम्म्याहून जास्त गाडी सुटते. त्यांच्या जोडीला टॉर्क रेंच, फिलर गेज, मल्टिमीटर आणि ग्रीस गन.

जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, अगदी दोन मिनिटांसाठीही, शिरू नका. आधी घोड्या (जॅक स्टँड) लावा, गाडी हाताने हलवून बघा, मग शिरा. जुन्या ब्रेक शूजमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करायचं. जुन्या रंगात शिसं असतं, तो घासताना साधा कापडी मास्क पुरत नाही.

उघडताना प्रत्येक जोडाचा फोटो, आणि प्रत्येक जोडाचे नट वेगळ्या पिशवीत. पिशवीवर 'नट' लिहून काही कळत नाही. 'डावा मडगार्ड, वरची रांग, वॉशर मोठे' असं लिहा.

पत्रा : घाई न करण्याचं काम

सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरून दिसते ती बाहेरची सिल, पायाकडची ती आतली, आणि दोघींच्या मध्ये उभा पडदा. खालून या सगळ्यांना बांधणारी एक वळलेली पट्टी असते, तिला इथले लोक कॅसल रेल म्हणतात. बाहेरची सिल दिसते तेवढीच नाही. ती पुढे मडगार्डच्या आत आणि मागे मागच्या मडगार्डच्या आत शिरते. म्हणून दिसतं तेवढंच कापून नवा तुकडा लावणं म्हणजे फसवणूक आहे, गाडीची आणि पुढच्या मालकाची.

वेल्डिंगच्या आधी दोन्ही बॅटऱ्या काढा, पेट्रोलची टाकी उतरवा, गालिचे आणि त्याखालचं डांबरी अस्तर काढा, आणि खालून जाणारी पेट्रोलची व ब्रेकची नळी बाजूला घ्या. अग्निशामक हाताशी ठेवा. शेवटचा टाका मारल्यावर तासभर गॅरेजातच थांबा. पोकळीत पेटलेलं जुनं मेण बाहेरून दिसत नाही.

मग पुढचा क्रम.

गाडी सपाट करा. घोड्या लावताना पुढच्या क्रॉसमेंबरला आणि मागच्या स्प्रिंगच्या बैठकीजवळ आधार द्या. सिलला टेकवू नका, कारण तीच कापायची आहे. दारं जागेवरच ठेवा. दाराच्या चारही बाजूंची फट मोजून मास्किंग टेपवर लिहा. मग दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, चौकोनी लोखंडी नळीचा आडवा-तिरका आधार बोल्टने किंवा टाक्याने पक्का करा. तो दार बंद होण्याच्या आड येणार नाही असा आतल्या बाजूला बसवा.

पहिल्या सिलला मी हा आधार दिला नाही. फटी मोजल्या होत्या, तेवढं पुरेल असं वाटलं. सिल कापली, नवी टाक्यांवर धरली, दार लावलं तर वरची फट मागच्या बाजूला चार मिलीमीटरने मिटलेली आणि कुलूप लागेना. बॉडी मधोमध किंचित खाली बसली होती. सगळे टाके ग्राइंडरने काढून, गाडी मधून हळूहळू उचलून फट परत आणण्यात तीन शनिवार गेले. आधाराच्या नळीला लागला असता अर्धा तास.

आता पुढचा मडगार्ड काढा. तो बोल्टचा आहे, मागचा वेल्डिंगचा. काही बोल्ट दाराच्या फटीत आणि काचेच्या खांबाशी लपलेले असतात. त्यांना दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल पाजत राहा. मडगार्ड निघाला की चाकामागचा चिखल वर्षानुवर्षं कुठे साठत होता ते दिसतं. तिथला पडदा बहुतेक वेळा गेलेलाच असतो.

एका वेळी एकच बाजू करा. बाहेरची सिल कापा, मधला पडदा आणि आतली सिल तपासा, जेवढं गेलंय तेवढं स्वच्छ धातूपर्यंत मागे कापा. नव्या पत्र्याच्या कडेला साधारण दोन-दोन इंचांवर ६ मिलीमीटरची भोकं पाडून त्यांतून वेल्डिंग भरलं की कारखान्यातल्या स्पॉट वेल्डसारखाच जोड मिळतो. मिग वेल्डरला ०.६ मिलीमीटरची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण ठेवा. सलग ओढायला जाऊ नका, पातळ पत्रा तापून वाकतो. इकडे एक टाका, तिकडे एक टाका, हात लावून बघायचं, गार झालं की पुढचा. दर दहा-बारा टाक्यांनी दार लावून फट मोजायची.

जोडाच्या आत जाणाऱ्या पृष्ठभागांना वेल्ड करता येण्याजोगा जस्ताचा प्रायमर आधीच लावा, नंतर तिथे ब्रश पोचत नाही. कॅसल रेलमधली पाणी निचऱ्याची भोकं वेल्डने किंवा सीलरने बुजली नाहीत ना ते बघा. आणि रंग झाल्यावर, आधी नाही, सिलच्या पोकळीत लांब नळीने गंजरोधक मेण फवारा. निचऱ्याच्या भोकातून मेणाचे थेंब पडू लागले की आत पोचलं असं समजा. वेल्डिंगचा अजिबात अनुभव नसेल तर आधी भंगारच्या पत्र्यावर महिनाभर हात बसवा, नाहीतर मोजमाप, कापणं, बसवणं स्वतः करून वेल्डरला घरी बोलवा. त्यात काही कमीपणा नाही.

ब्रेक आणि पुढची चाकं

१९७० च्या ब्रिटिश बाजारातल्या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून होज 'चांगले दिसतात' म्हणून ठेवायचे नाहीत. पुढे दोन आणि मागच्या ॲक्सलला एक, तिन्ही नवे घाला. होज बाहेरून ठीक आणि आतून सुजलेला असतो. मग ब्रेक सोडला तरी चाक धरून राहतं आणि लोक उगाच कॅलिपरला दोष देतात. लोखंडी नळ्यांच्या जागी तांबं-निकेलच्या नळ्या घाला, त्या गंजत नाहीत. सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलून येतो.

पुढच्या चाकाला किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं तो उभा खिळा) आहे आणि प्रत्येक बाजूला ग्रीसचे तीन निपल. चाकं हवेत असतानाच ग्रीस भरा; गाडीचं वजन चाकावर असेल तर ग्रीस लागायला हवं तिथे शिरत नाही. दर ३,००० मैलांनी हे काम करायचं असतं. ते चुकल्यामुळेच बहुतेक किंगपिन संपतात. पुढच्या शॉकॲब्झॉर्बरचा दांडा हाच इथे वरचा विशबोन (चाकाला वरून धरणारा हात) आहे, म्हणून त्यातून तेल गळत असेल किंवा दांडा डुलत असेल तर दुरुस्त केलेला बदलून घ्या.

वायरिंग : आधी अर्थिंग, मग बाकी सगळं

या गाड्यांच्या वीजव्यवस्थेला फार नावं ठेवतात. मला ती अन्यायाची वाटतात. हार्नेस साधा आहे, फ्यूज मोजके आहेत आणि रंगांना अर्थ आहे : तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला, जांभळा कायम चालू पण फ्यूजमधला, लाल बाजूच्या दिव्यांचा, निळा हेडलाइटचा आणि काळा अर्थचा, म्हणजे अर्थिंगचा (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारा). एवढं पाठ झालं की निम्मा नकाशा डोक्यात आला.

दोष असतो तो पन्नास वर्षांच्या गंजाचा. मागचा दिवा मंद जळतो? दिवा लावा, मल्टिमीटरचा एक काटा दिव्याच्या धातूच्या अंगाला आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ धरत नाही. वायर बदलायची गरज नाही. रिंग आणि पत्रा चकाकेपर्यंत घासा, घट्ट करा, वरून व्हॅसलिन लावा. बुलेट जोड (बाहीत शिरणारी वायरींची गोळीसारखी टोकं) एकेक बाहेर काढून पाहा, आत हिरवा थर असेल तर बाही नवी घाला.

सीटमागे दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. त्यांच्यामधली केबल आणि खोक्यांचा तळ दोन्ही तपासा. १९६७ च्या अखेरीआधीची गाडी असेल तर ती पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली आहे. तिला आजचा रेडिओ सरळ जोडला तर तो जळतो. एक सुधारणा मात्र मी प्रत्येकाला करायला लावतो : हेडलाइटना रिले (मोठा करंट स्वतःमधून नेणारा वेगळा स्विच). मूळ रचनेत सगळा करंट स्विचमधून जातो, स्विच तापतो आणि रस्त्यावर उजेड कमी पडतो.

इंजिन : क्रम मोडला की गोंधळ

गाडी मिसिंग मारायला लागली की हात सरळ कार्ब्युरेटरकडे जातो. तिथे शेवटी जायचं आहे. आधी कॉम्प्रेशन, मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले ठिणगी पाडणारे संपर्क) आणि टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. मधलं एकही पाऊल वगळलंत तर पुढच्या सगळ्या मापांना अर्थ उरत नाही.

गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले की हेड उघडायचं कारण नाही, आणि कारण नसताना उघडू नका. उघडलंच, तर बसवताना हेडचे नट पुस्तकातल्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, ४५ ते ५० पौंड-फुटांवर आणा. हेड निघालंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घ्या, कारण जुन्या सीटना जपणारं शिशाचं पेट्रोल इथे २००० सालापासून सर्वसाधारण विक्रीतून गेलं.

टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच. यासाठी नऊची बेरीज लक्षात ठेवा : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करायचा, सहावा उघडा असताना तिसरा, चौथा असताना पाचवा, आणि असंच सगळं. प्लग काढून ठेवले तर इंजिन हाताने हलकं फिरतं.

पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, फायरिंग क्रम १-३-४-२. टायमिंगचा आकडा डिस्ट्रिब्यूटरवर कोरलेल्या क्रमांकाप्रमाणे घ्या, ऐकीव नको. जुना रोटर आणि जुना कंडेन्सर चालत असतील तर फेकू नका. आजचे स्वस्त भाग वरून सारखेच दिसतात आणि तापल्यावर दगा देतात. माझ्या गाडीत नव्या रोटरसह रस्त्यावर उभं राहायची वेळ आली होती, जुना घातला आणि घरी आलो.

आता एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर, या गाडीला दोन, एचएस४ जातीचे. यातला पिस्टन इंजिनच्या ओढीने वर जातो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवते. एवढंच यंत्र आहे, म्हणूनच ते मला फार आवडतं. एअर फिल्टर काढा, पिस्टन बोटाने वर उचलून सोडा. खाली पडताना स्वच्छ 'ठक्' आवाज यायला हवा. नाही आला तर सुई जेटला घासतेय. जेट मध्यावर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. थ्रॉटलचा दांडा वर-खाली हलवून बघा. हलत असेल तर तिथून हवा शिरते आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी आयडलिंग स्थिर होत नाही. दांडा आणि बुश बदला. डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरच्या नळकांड्यात) पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या टोकापेक्षा अर्धा इंच वर येईल इतकं तेल ठेवा.

जेटखालचा षटकोनी नट वर फिरवून जेट ब्रिजच्या (कार्ब्युरेटरच्या गळ्यातल्या उंचवट्याच्या) पातळीला आणा, मग बरोबर दोन फेरे, म्हणजे नटाच्या बारा बाजू, खाली घ्या. दोन्ही कार्ब्युरेटरना हेच. इंजिन नीट गरम करा. दोन्हींना जोडणाऱ्या दांड्याचे चिमटे सैल करा, म्हणजे प्रत्येक थ्रॉटल स्वतंत्र होईल. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरून फुसकारा ऐका. आयडलचे स्क्रू फिरवत दोन्हीकडे सारखा आवाज आणा.

मग मिश्रण. कार्ब्युरेटरच्या बाजूची छोटी पिन बोटाने हलकी दाबून पिस्टन जेमतेम ०.८ मिलीमीटर उचला. रेस (इंजिनची गती) वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे : नट वर. रेस पडली किंवा इंजिन बंद पडायला लागलं तर पेट्रोल कमी : नट खाली. किंचित वाढून पुन्हा जागेवर आली, की बरोबर. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा, थोडी रेस देऊन पुन्हा बघा. एक सुधारला की दुसऱ्यावर परिणाम होतो, म्हणून पहिल्याकडे परत या. शेवटी चिमटे घट्ट करून आवाज पुन्हा ऐका.

क्लचसाठी इंजिन उतरवावंच लागतं. तेव्हा त्याच दिवशी इंजिनची मागची ऑइल सील आणि इंजिन माउंटिंगही करा. रिलीज बेअरिंग ग्राफाइटचं आहे, सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ती सोडा.

रंग आणि आतलं काम

रंगाच्या तयारीचं घासकाम घरी करा, शेवटचा फवारा रंगाच्या दुकानात. घरच्या गॅरेजातली धूळ आणि दमट हवा चांगल्या रंगाला सोसत नाही. सीटचे कव्हर, गालिचे आणि हूडचे (कापडी छपराचे) तयार संच मिळतात. हूड मात्र उन्हाच्या दिवशी ताणा, थंडीत ते लागत नाही.

रस्त्यावर

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाडीला एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरीही रिस्टोरेशननंतरची पहिली तपासणी पैसे भरून करून घ्याच. खालून दुसऱ्याची नजर फिरायला हवी. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालंय, ते जुन्या रबराला खातं. सुपर पेट्रोल घ्या आणि पेट्रोलचे होज नव्या प्रतीचे घाला. इंजिनात २०डब्ल्यू-५० तेल.

पहिले वीस मैल घराच्या आसपासच फिरा. परत आल्यावर चाकांचे नट, ब्रेकच्या नळ्यांचे जोड आणि तेलाची पातळी बघा. गरम इंजिनाला चालताना तेलाचा दाब ५० ते ८० पौंडांच्या दरम्यान दिसायला हवा. हेड उघडलं असेल तर ५०० मैलांनी नट पुन्हा टॉर्कवर आणा आणि टॅपेट पुन्हा तपासा.

आणि प्रत्येक वेळी स्टार्टर मारण्याआधी किल्ली अर्धी फिरवून क्षणभर थांबा. सीटमागून, उजव्या बॅटरीजवळून, पंपाची टिक-टिक ऐकू येईल : आधी भरभर, मग सावकाश, मग बंद. बंद झाली म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या. ती थांबतच नसेल तर किल्ली मागे घ्या, खाली उतरून नाकाने आणि टॉर्चने पेट्रोल कुठे गळतंय ते शोधा. थांबली, की चोक ओढा आणि स्टार्टर मारा.